पूर्वाच्या पुरणपोळ्या

खराडी, पुणे

प्रिय आई,

तुझ्या लेकीचा नमस्कार. काळजी करू नकोस. डॉक्टरांनी सांगितल्यापासून गहू बंदच आहे. शनिवार-रविवारी ऑफिसचं काम घरी आलं तरी व्यायाम चुकवत नाही.

संतोषदादाबरोबर तू मला ज्वारीचं पीठ पाठवलंस आणि माझ्या रूममेटला, पूर्वाला, पुरणपोळ्या. तिने लगेच तुला फोन लावला, "आई, काय चव आहे!" तू किती खळखळून हसलीस! मला मात्र फक्त विचारतेस, "पोट दुखत नाही ना?" मी खोलीचं दार लावून रागाने उठाबशा काढल्या.

बाबांचा गुडघा कसा आहे?

दिवाळीला पूर्वाला बोलावू नकोस. माझ्यासाठी भाकरी थाप आणि समोर बस. मी तिसरीही मागेन.

तुझी एकुलती एक लेक,
नम्रता