भट्टीत उरलेली काच

मी, ईल्वा रास्क, वय एकोणतीस, राहणार क्विलेरिड, स्मोलान्द. शरीर थकत चालले असले तरी बुद्धी शाबूत आहे, हे डॉक्टरांनीही मान्य केले आहे. कोणाच्याही दडपणाखाली न येता माझी शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे.

माझी सायकल व पुस्तके योहानेस यांना द्यावीत. निर्वासितांच्या ज्या वर्गात मी भाषा शिकवत होते, तो वर्ग आता ते चालवतात. ही नोकरी मी घेतली तेव्हा बाबांनी पगार विचारला होता. मी म्हणाले, काम मनापासून आवडते. ते म्हणाले, "आवडायचं असतं तर त्याचे पैसे कशाला दिले असते?" घरात पदवी घेतलेली मी पहिली, त्या शिक्षणाची फी याच विचाराच्या माणसाने भरली, हे मी विसरलेले नाही.

'महिन्याचा उत्तम कामगार' हा बाबांचा चषक कारखान्याच्या व्यवस्थापकांना परत करावा. काचेच्या कारखान्याने प्लॅस्टिकचा चषक दिला. बाबांनी तो मला पेन्सिली ठेवायला दिला होता.

आजोबा, एवाल्ड रास्क, याच कारखान्यात काच फुंकत; त्यांची फुंकनळी माझ्याकडे आहे. त्यांच्या काळी पाळी सुटल्यावर माणसे घरी जात नसत. भट्टीच्या उबेवर हेरिंग मासे भाजत आणि उरलेल्या काचेतून स्वतःसाठी काहीबाही घडवत: पक्षी, काठ्या, बायकोला फुलदाणी. त्याला चोरकाम म्हणत, पण चोरी कोणी मानत नसे. बाबा कामाला लागले तोवर नगावर मजुरी आली आणि चोरकाम बंद झाले. तेव्हापासून ते एकाच मापाचे पेले फुंकतात. आजोबा म्हणायचे, "तुझा बाप काच नाही, घड्याळ फुंकतो." बाबा ऐकून घ्यायचे आणि शनिवारची जादा पाळीही घ्यायचे. ती माझ्यासाठी असायची. आजोबांचे ते बोलणे अन्यायाचे होते, हे इथे नोंदवते.

माझी बँकेतली शिल्लक बाबांना, टोरब्यॉर्न रास्क यांना, द्यावी. अट एकच: शनिवारची पाळी बंद.

फुंकनळीही त्यांनाच. माझी राख ठेवायला विकतचे भांडे आणू नये. बाबांनी ते पाळी सुटल्यावर, उरलेल्या काचेतून, स्वतः फुंकावे. मालकांची परवानगी मी घेतलेली नाही. आजोबांनीही कधी घेतली नव्हती. वाकडे झाले तरी चालेल. हे कलम काल वाचून दाखवले तेव्हा बाबा म्हणाले, "मला जमायचं नाही गं. माझ्या हाताला एकच माप ठाऊक आहे." आणि उठून गेले.

ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून आज ते दाराबाहेर बसले आहेत. सही करणार, इतक्यात दार किलकिले करून त्यांनी विचारले, "रंग कोणता हवा?"

म्हटले, "उरेल तो, बाबा."

हे सर्व आम्हा दोघांसमक्ष लिहिले व त्यावर सही केली:
गुनव्हर स्टोल, परिचारिका
आर्विद ल्युंग, शेजारी

ईल्वा रास्क
क्विलेरिड, १४ नोव्हेंबर २०२३