बेकरीवाल्या हान्सचं घर

शनिवार, संध्याकाळ

ओढ्याकाठी आज आमच्या या जर्मन गावाच्या इतिहासाचा फलक लागला. खांबाचा खड्डा मीच खणला, पाठ अजून दुखतेय. फलकावरच्या नकाशात द्राक्षमळे, चर्च, प्रत्येक घर नावासकट. आणि आमच्या घरावर नाव कुणाचं? बेकरीवाल्या हान्सचं! म्हातारा कधीच गेला. घर आम्ही विकत घेतलं, नवी कौलंही आम्हीच घातली. शेजारच्या फ्राऊ केलर मला समजावतात, “आल्झो, म्हणजे कसं, इथे घराचं जुनंच नाव चालतं.” त्यांना काय जातंय बोलायला? त्यांच्या घरावर त्यांच्याच आजोबांचं नाव आहे. मग मी कोण? नुसता खड्डा खणणारा?

चिडून घरी आलो, तोच हीटिंग दुरुस्त करणाऱ्याचा फोन. घर सापडत नव्हतं. पटकन म्हणालो, “चर्चच्या मागे, बेकरीवाल्या हान्सचं घर.”

लगेच पोचला.