रेमोंचा फेरा

वोरेल, ११ ऑक्टोबर

प्रिय अर्लेत,

तुझं पत्र मिळालं. सोबत पाठवलेले भिंतीच्या कागदाचे तुकडेही मिळाले. दोन्ही रंग चांगले आहेत. ल्युसियँच्या कंबरेचं वाचून काळजी वाटली. त्याला म्हणावं, बागेत वाकणं बंद कर. ऐकणार नाही, पण म्हणावं तरी. मी बरी आहे. गुडघा थंडीत कुरकुरतो, तेवढंच. कोंबड्यांनी अंडी देणं कमी केलं आहे, त्याचं कारण पुढे येईल. बहिणीने कायमचं येऊन राहावं म्हणून तू जी खोली सजवते आहेस, तिचंही पुढेच लिहिते.

पुस्तकांची गाडी हल्ली महिन्यातून एकदाच येते, म्हणून मी जाडजूड पुस्तकं घेते. आत्ताचं एका रशियन माणसाचं आहे. त्यात प्रत्येकाला तीन तीन नावं, आणि जी गोष्ट एका ओळीत सांगता येईल ती सांगायला बायका दहा पानं घेतात. मला त्यांचा राग येत होता. आता हे पत्र लिहायला बसले आणि त्यांची बाजू कळली.

रविवारी गावात डोंगरी सायकलींची फेरी होती. दर ऑक्टोबरात असते, तुला माहीत आहे, पण तू कधी त्या वेळी आलेली नाहीस. लिमोझ, ब्रिव्ह, कुठून कुठून माणसं येतात, आमच्या रानातून चिखल उडवत जातात आणि संध्याकाळी खूश होऊन घरी परततात. वाटेवर झाडांना स्क्रूने बसवलेल्या पिवळ्या खुणांच्या पाट्या असतात. एक त्रिकोण आणि त्याला लागून दोन गोल, सायकलीच्या चाकांसारखे. त्रिकोणाचं टोक ज्या बाजूला, तिकडे वळायचं. लाल वाट, म्हणजे कठीण वाट, माझ्या रेमोंने आखली होती आणि इतकी वर्षं तोच तिची निगा राखत होता.

त्या लाल वाटेत एक वेडेपणा आहे. ओढा ओलांडला की समोर शेजारच्या बुशूच्या रानातून सरळ, छान पायवाट जाते. पण रेमोंची खूण तिथे डावीकडे वळवते. मग जीव जाईल असा चढ चढायचा, टेकडीवरच्या चॅपेलला वळसा घालायचा, आणि पलीकडून उतरून त्याच पायवाटेवर, जिथून वळलो तिथून हाकेच्या अंतरावर यायचं. कशासाठी? कुणालाच माहीत नाही. सगळे त्याला ‘रेमोंचा फेरा’ म्हणतात. काहीजण म्हणायचे, त्या दिवशी त्याने जेवणाआधीच दोन पेले घेतले असणार. तो हसायचा आणि विषय बदलायचा. मीही विचारायची. मलाही तेच हसू मिळायचं.

फेरी भरवणाऱ्या मंडळाचं काम यंदापासून मागालीकडे आहे. ती आमच्या भागात टपाल वाटते. गेल्या महिन्यात ती पत्र द्यायला आली, पण दारातून हलेना.

“काकू, एक विचारायचंय. रागावणार नाही ना?”

“आधी विचार, मग रागावते.”

“तो फेरा काढून टाकू का? लोक मला शिव्या घालतात हो. मागच्या वर्षी एका दंतवैद्याने चढावर सायकल टाकली आणि रडला.”

मी म्हटलं, तुझं मंडळ, तुझी वाट. आणि तिला कॉफी दिली. साखर विचारली नाही. तिने ती तशीच, तोंड वाकडं करत प्यायली. पोर गुणी आहे.

ती गेल्यावर बराच वेळ मी भांडी घासत बसले. रेमों गेल्यापासून मी त्या रानाकडे फिरकले नव्हते. मी जात नसले तरी फेरा तिथे होता, हे मला पुरत होतं. आता तोही नसणार. तुझ्याकडे त्या खोलीत राहायला येण्याबद्दल मी ‘बघू’ ऐवजी ‘बहुतेक हो’ असं लिहिलं, ते त्याच रात्रीचं पत्र.

तर रविवार. मागालीने फेरा काढून लाल वाट सरळ पायवाटेने नेली होती. वाटेवरच्या खाण्याच्या टेबलासाठी मी बटाटा-सायीच्या तीन मोठ्या पाई भाजल्या होत्या. मागालीने गाडी पाठवली की देऊन टाकायच्या, स्वतः जायचं नाही, असं ठरवून अंगणात कपडे वाळत घालत होते. इतक्यात फाटकातून एकजण आला. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, फक्त दात दिसत होते.

“मादाम, खाण्याची जागा हीच ना?”

मी नाही म्हणायच्या आत त्याच्या मागून आठजण आले. मग एक टोळकं. मग रांगच. सायकली खुराड्याला टेकल्या, कोंबड्या झाडावर. कळलं ना आता अंड्यांचं? एका जाड्या गृहस्थाने माझ्या वाळत घातलेल्या टॉवेलला तोंड पुसलं आणि मोठ्या अदबीने विचारलं, “इथून पुढे अजून चढ आहे का हो?”

“इथून पुढे माझं स्वयंपाकघर आहे,” मी म्हटलं.

“मग आम्ही बरोबर आलो,” तो म्हणाला, आणि सगळं अंगण हसलं.

अर्लेत, काय करणार होते मी? पाई कापल्या. त्या संपल्या. मग पाव, डुकराच्या मांसाचं पॅटे, अक्रोड, चीज, मुरांबे. रेमोंची आलुबुखारच्या दारूची बाटली कपाटाच्या मागून काढली. एक बाई म्हणाली, “इतक्या फेऱ्या केल्या, पण असं खाणं कुठे नाही,” आणि मला मिठी मारली. माझा एप्रन तिच्याइतकाच चिखलाचा झाला. दोन वर्षांत माझ्या घरात एवढा आवाज झाला नव्हता. मी मोठ्याने हसत होते. ते मला नंतर लक्षात आलं, तेव्हा नाही.

मग मागालीचा फोन. “काकू, लाल वाटेवरचे लोक हरवलेत! टेबलावर कुणीच नाही!”

“सगळे माझ्याकडे आहेत. चरताहेत.”

“कुणीतरी ओढ्यापाशी खूण फिरवली असणार. मी लांब आहे. ती नीट करायला कुणाला पाठवता का?”

कुणाला पाठवणार? सगळ्यांची तोंडं भरलेली. मोटार तिथवर जात नाही. मी कोठारात गेले. रेमोंची सायकल भिंतीला होती. सीट त्याच्या उंचीचं. त्या जाड्या गृहस्थाने ते खाली केलं, चाकांत हवा भरली, हेल्मेट माझ्या डोक्यावर बसवलं आणि म्हणाला, “मादाम, ब्रेक दोन्ही एकदम दाबायचे नाहीत.” मी लहानपणी दुधाची बरणी घेऊन सायकलवर जायची, ते तुला आठवतं. अंगाला आठवत होतं. चढ मी ढकलत गेले, खोटं सांगत नाही. पण ओढ्याकडचा उतार मी बसून उतरले. ओरडतच उतरले.

ओढ्यापाशी बुशू बसला होता. आमचा शेजारी फिर्मँ बुशू, तोच, जो तुझ्या लग्नात तीन वेळा जेवला. मांडीवर टोपली, टोपलीवर नेच्याची पानं झाकलेली.

“इथे काय करतोस?”

“फिरायला आलोय, बाई.”

“हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन?”

त्याने हातातल्या वस्तूकडे अशी नजर टाकली, जणू ती कुणी दुसऱ्यानेच तिथे ठेवली. खुणेचा त्रिकोण थेट उजवीकडे, माझ्या घराकडे बघत होता.

“डावीकडे वळवला असता तर चढावर मेले असते बिचारे,” तो म्हणाला. “उजवीकडे थोडा चढ, मग सगळा उतारच. आणि तुझ्या घरी खायला असतं, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.”

“पण का, फिर्मँ?”

त्याने टोपलीवरची पानं जरा उचलली. आत अळंबी. तपकिरी टोपीची, जाड देठाची, ताज्या पावासारखी. आपल्याकडे लोक शेत दाखवतील, बँकेचं पुस्तक दाखवतील, पण अळंबीची जागा स्वतःच्या मुलाला मरायच्या आदल्या दिवशी सांगतात. तुला हे काय सांगायचं.

“ही जागा या सरळ वाटेच्या कडेलाच आहे,” तो म्हणाला. “रेमोंला खुणा लावताना सापडली. माझ्याकडे आला, टोपी काढली, म्हणाला, फिर्मँ, इथून एकही चाक जाणार नाही. आणि वाट वर चॅपेलवरून नेली. गावाने त्याला दारुडा म्हटलं, तरी बोलला नाही. दर वर्षी पहिली टोपली मी त्याला द्यायचो.”

ती टोपली! दर वर्षी रेमों ती घरी घेऊन यायचा आणि म्हणायचा, “नशीब बघ माझं.” आणि मी त्याच्या नशिबावर विश्वास ठेवून लोणी गरम करायची. एवढा संसार झाला आमचा आणि त्या माणसाने मला एका शब्दाने सांगितलं नाही. मी ओढ्याकाठी उभी राहून इतकी हसले की बुशू घाबरला. वाटलं, रेमोंजवळ मला सांगायचं अजून काही उरलं होतं, आणि ते त्याने आज सांगितलं.

तोवर मागाली घामाघूम होऊन पोचली. बुशूने टोपली पानांनी झाकली आणि माझ्याकडे बघितलं. म्हातारा डोळ्यांनी विनवत होता.

“कुणी फिरवली ही खूण?”

“मी,” मी म्हटलं. “म्हणजे, फिर्मँने. माझ्या सांगण्यावरून. तो फेरा राहिला पाहिजे, मागाली.”

“काकू, पण का?”

“रेमोंची इच्छा.” हे तर खरंच होतं.

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “बरं, राहू दे. पण मग चढावरच्या फांद्या मार्चमध्ये कोण छाटणार? खुणा कोण रंगवणार? तिथे जायला कुणी तयार नाही. मी दिवसभर टपाल वाटते. नाव सांगा, नाहीतर माझी सरळ वाटच.”

“मी,” मी म्हटलं. या वेळी कुणाला वाचवण्यासाठी नाही.

ती हसेल असं वाटलं. हसली नाही. म्हणाली, “मग सायकल नीट शिका. तुमचा आवाज मला रस्त्यापर्यंत आला.”

सोमवारी मी एकटी फेऱ्याने वर गेले, सायकल हाताने धरून. चॅपेलपासून खाली सगळं दिसतं. टेकड्या, चेस्टनटची रानं, दोन वाफाळणारी तळी आणि आपलं छप्पर. रेमों इथे दर वेळी दम खायला थांबत असेल का, हे विचारायचं होतं. तिथे बसून बराच वेळ त्याची आठवण काढली. मग थंडी वाजली, तशी उतरले.

अर्लेत, तुझ्या खोलीला निळा कागद लाव. त्या खोलीत शिवणाचं मशीन ठेव, किंवा ल्युसियँ घोरतो तेव्हा स्वतः जाऊन झोप. मी येणार नाही. नाताळात येईन, चार दिवस राहीन आणि परत जाईन. तू रागावशील, आणि मग फोन करून विचारशील की पडले-बिडले तर कोण उचलणार. बुशू उचलेल. आता त्यालाच माझी गरज आहे, फेरा मी राखणार ना. बुधवारी त्याने मला ती जागा दाखवली, आधी शपथ घ्यायला लावून. कुठे आहे, ते मात्र तुलाही सांगणार नाही.

तुझी, आणि आता वोरेलचीच,
जोझियान