माझ्या कातडीला मानवलेला रंग

आप्पा, गेल्या आठवड्यात नातीच्या साखरपुड्यासाठी नगरला गेले होते. तिच्या हट्टापायी तिच्याबरोबर पार्लरमध्ये मीही बसले. तिथल्या मुलीनं, असेल बावीस-तेवीस वर्षांची, माझा चेहरा दिव्याकडे वळवला, गालावरून बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "आजी, तुमची स्किन जरा अवघड आहे. हे खड्डे कसले? लहानपणी पिंपल्स फार यायचे का?" मी म्हटलं, "देवी आल्या होत्या." तिला वाटलं मी देवळातल्या देवीबद्दल बोलतेय. मग तिनं तीन बाटल्यांतले तीन रंग माझ्या जबड्यावर ओढले, त्यातला एक निवडला आणि दहा मिनिटांत चेहरा असा केला की आरशात मला क्षणभर आईच दिसली. ज्या देवीच्या रोगानं आपलं घर उभं चिरलं, त्याचं नावसुद्धा या पोरीला माहीत नाही. आणि ज्या रंगासाठी तुम्ही पाच महिने हिंडलात, तो तिच्या टेबलावर ओळीनं मांडून ठेवलेला. घरी आल्यापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली.

बहात्तरच्या दुष्काळातला तो हिवाळा मला नीट आठवतो. आपण कर्जतला राहत होतो आणि सबंध तालुका तुम्हाला देवी डॉक्टर म्हणून ओळखत होता. तुम्ही डॉक्टर नव्हता, सरकारी लस टोचणारे होता, पण सायकलला अडकवलेली ती पेटी दिसली की आया पोरांना घेऊन ओट्यावर यायच्या, नाहीतर पोरांना घेऊन मागच्या दारानं पळायच्या. मी मॅट्रिक होऊन घरी बसलेली, एकोणीस वर्षांची. चेहरा पाच वर्षांची असताना देवींनी खाल्लेला. नुसते व्रण असते तरी चाललं असतं, पण माझी कातडीच विचित्र होती. ऊन लागलं की गाल लाल व्हायचे, थंडी पडली की पापुद्रे सुटायचे, आणि काहीही लावलं की आग. तरी घरात त्यावर कुणी बोलत नसे. बोलल्या त्या मला बघायला आलेल्या पाहुण्यांतल्या एक बाई. पोहे खाऊन झाल्यावर त्यांनी बशी खाली ठेवली आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "वडील देवी डॉक्टर ना? मग पोरीला एवढ्या देवी कशा आल्या?" तुम्ही नेहमीचं उत्तर दिलंत. त्या वर्षीची लस उन्हानं खराब झाली होती. ते मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की मलाही पाठ होतं. पण त्या दिवशी ते बोलताना तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत.

त्यानंतरच्याच बाजाराच्या दिवशी तुम्ही नगरहून स्नो आणि पावडर घेऊन आलात. लावली तर पावडर खड्ड्यांत जाऊन बसली, चेहरा पोपडे निघालेल्या भिंतीसारखा दिसायला लागला, आणि तासाभरात गालांची आग आग. मग दवाखान्यातून कॅलामाइन आलं. ते वाळलं की तडकायचं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून हळदीचं काहीतरी, मग मुलतानी माती. तुम्ही प्रत्येक गोष्ट आधी स्वतःच्या मनगटावर लावून एक दिवस बघायचा आणि मग माझ्या जबड्याच्या कडेला एक बोट. तुमच्या हातावर ते पट्टे घेऊन तुम्ही गावोगाव हिंडायचा. आई पाण्याच्या हंड्याकडे बघत म्हणायची, "टँकरची वाट बघायची आन् ते पानी हिच्या तोंडाला घालायचं. तुमाला झालंय तरी काय?" मीच आईवर चिडले. मला वाटायचं, अख्ख्या तालुक्यात असा बाप कुणाला नसेल.

शेवटी नगरला नाटकवाल्यांना रंगवणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा पत्ता तुम्ही काढलात. त्यांची खोली मला अजून दिसते. खिडकीपाशी मोडकी खुर्ची, वाट्यांमध्ये रंगांची पूड, दोरीवर वाळत घातलेल्या मिशा. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि कितीतरी वेळ नुसतं पाहिलं. मग तुम्हाला म्हणाले, "तुम्ही हे खड्डे बुजवायला निघालाय, तिथंच चुकतंय. आणि गोरं करायला निघालाय, ती दुसरी चूक. हिच्याच रंगाचं करायचं, आणि पातळ. हिच्या कातडीला तेल सोसत नाही." त्यांनी झिंकची पांढरी पूड घेतली, पिवळी पिवडी घातली, चिमटीनं तांबडी काव, अगदी कणभर काजळी, आणि ग्लिसरीन नि गुलाबपाण्यात घोटायला सुरुवात केली. पहिल्यांदा पिवळं झालं. दुसऱ्या खेपेला विटकरी. आपण तिथं चार वेळा गेलो, आठवतंय? होळीच्या सुमाराला एक दिवस त्यांनी ओल्या फडक्यानं तो रंग माझ्या गालावर टेकवत टेकवत लावला, आणि मी आग होण्याची वाट बघत बसले. आग झाली नाही. अर्धा तास गेला, तासभर गेला. आरशात माझाच चेहरा होता, माझाच गव्हाळ रंग, खड्डेही होते, पण ते आधी डोळ्यांत येत नव्हते. "हे मानवलं हिला," म्हातारे म्हणाले. मी मागे वळून तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही खोलीत नव्हता. बाहेर जिन्यावर बसला होता. मला वाटलं, आनंदानं भरून आलं असेल.

लग्न जमेना म्हणून आईच्या सांगण्यावरून मी नर्सिंगच्या ट्रेनिंगचाही फॉर्म भरला होता. त्याची डॉक्टरी तपासणी पुढच्याच पंधरवड्यात आली. रंग लावूनच गेले मी, आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून. आत बाईडॉक्टर होत्या. त्यांनी डोळे पाहिले, छाती तपासली, मग दोन्ही बाह्या वर करायला सांगितल्या. डावा दंड पाहिला, उजवा पाहिला, पुन्हा डावा. "देवी टोचल्या नव्हत्या का लहानपणी?" मी सांगितलं, टोचल्या होत्या, पण लस खराब होती. माझे वडीलच देवी डॉक्टर आहेत. त्या म्हणाल्या, "लस खराब असली तरी सुईची खूण राहते गं. ती चक्रीची सुई फिरवली की कातडीवर गोल उमटतोच. तुला टोचलेलंच नाही." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या मुलीला हाक मारली. त्यांच्या लेखी ते तेवढंच होतं. मी बाह्या खाली केल्या आणि बाहेर आले.

बाहेर तुम्ही माझी वाट बघत होता. आपण चालत एसटी स्टँडवर आलो. तुम्ही चहा आणलात. मी म्हटलं, "आप्पा, माझ्या दंडावर खूण का नाही?"

तुम्ही कपबशी बाकावर ठेवलीत. गाड्या येत होत्या, जात होत्या, कंडक्टर गावांची नावं पुकारत होते, आणि तुम्ही समोर बघून बोलत होता. एरवी माझ्याशी शाळेतलं शुद्ध बोलायचा, त्या दिवशी तुमच्या तोंडून घरचं बोलणं आलं.

"तू वरसाची हुतीस. सकाळी चौदा पोरं टोचून आलो हुतो. म्हणलं, आता आपली. तुला मांडीवर घेतलं, दंड पुसला, सुई हातात घेतली, आन् तू माझ्याकडं बघून हासलीस. समदी पोरं पेटी बघून रडायची. तू हासलीस. माझ्याच्यानं सुई फिरवंना. म्हणलं, उद्या. साहेब तपासणीला येनार हुते, म्हणून रजिस्टरला तुझं नाव लिवून टाकलं. त्यो उद्या काय आला न्हाई."

मी विचारलं, "आणि आईला?"

"तिला सांगितलं, टोचलं, पर लस खराब निघाली. सगळ्यांनाच त्येच सांगितलं." मला वाटलं, संपलं. संपलं नव्हतं. "तुला देवी आल्यावर लोक म्हणाय लागले, देवी डॉक्टरच्याच पोरीला टोचून काय झालं? जामखेडच्या रस्त्याला ती वस्ती हाय ना, तिथल्या बायांनी त्या साली पोरं लपवली. एकीनंबी टोचून घेतलं न्हाई. दोन महिन्यांनी तिथं साथ गेली. तीन पोरं मेली."

चौदा वर्षं मी माझा चेहरा नशिबाच्या नावावर लिहून मोकळी झाले होते, आणि तो एका माणसाच्या हातून राहून गेलेलं एक काम होता. त्याच्यापुढे त्या तीन पोरांचं काय करायचं ते तर मला कळेचना. मला एवढंच सुचलं. मी विचारलं, "मग हा रंग कुणासाठी शोधत होता तुम्ही? माझ्यासाठी, की तुम्हाला दिसू नये म्हणून?"

तुम्ही म्हणालात, "मला न्हाई ठावं."

पुढे आठ-दहा दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. आईला तुम्हीच सांगितलंत. ती चुलीपुढे बसून राहिली, भाकरी तव्यावर काळी झाली तरी तिनं उलटली नाही. इतकी वर्षं सासरची माणसं तिलाच म्हणायची, हिनंच देवीच्या भीतीनं पोरीला नीट टोचू दिलं नसेल. ती एवढंच म्हणाली, "मला तर सांगायचं हुतं." त्या रात्रीपासून ती माझ्या खोलीत झोपायला लागली. आणि मग मी बोलले. म्हटलं, "त्या वस्तीवर जाऊन खरं सांगा. मी तुमच्याबरोबर येईन. तोवर मला तुमची मुलगी म्हणू नका."

दुष्काळी कामं सुरू झाली होती. त्या वस्तीची माणसं पाझर तलावाच्या कामावर होती, एवढी माणसं एका जागी म्हणून तुम्हाला टोचायला पाठवायचा हुकूम आला. निघायच्या सकाळी मी सवयीनं रंगाची डबी उघडली. तुम्ही दारात उभे होता. म्हणालात, "आज ते लावू नगंस." पाच महिने जो माणूस एका वाटीभर रंगासाठी हिंडला, त्याच्या तोंडून ते ऐकून माझा हात तसाच राहिला. मी डबी बंद केली.

खडीच्या ढिगापाशी कामावरच्यांना खायला सरकारी सुकडी वाटायची वेळ होती. शे-दीडशे माणसं, डोक्याला फडकी बांधलेल्या बाया, मांडीवर पोरं. तुमची पेटी बघून दोघी-तिघी उठून चालू लागल्या. तुम्ही पेटी उघडलीच नाहीत. मला शेजारी उभं केलंत, माझी बाही वर केलीत आणि म्हणालात, "ही माझी पोरगी. हिचं तोंड समद्यांनी बघितलंय. हिला टोचूनबी देवी आल्या आसं मी सांगत आलो. ते खोटं हाय. हिला मी टोचलंच न्हाई. ज्यांना टोचलं त्यांना देवी आल्या न्हाईत." तुमचा आवाज कुठंही चढला नाही, की कापला नाही.

एक बाई पुढे आली, चाळिशी उलटलेली, कडेवर नातू. तिनं माझा चेहरा पाहिला, दंड पाहिला. तुम्हाला म्हणाली, "माझं पोरगं सात वरसाचं हुतं. मी लपिवलं हुतं त्येला, कणगीमागं. एवढी वरसं मी म्हनत आले, टोचलं आसतं तरी मेलंच आसतं." तुम्ही मान खाली घातलीत. "ह्या नातवाला टोचायचं हाय मला," ती म्हणाली, "पर तुमच्या हातानं न्हाई. दुसरा मानूस धाडा." आणि ती जाऊन खडी फोडायला बसली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही श्रीगोंद्याकडच्या सहकाऱ्याला पाठवलंत. त्यानं तिथं सगळ्यांना टोचलं. ही गोष्ट वर साहेबांपर्यंत कधी गेली नाही. तुम्ही मात्र त्यानंतर लहान पोराचा दंड हातात घेतला की आधी दोन क्षण थांबायचा, हे मी पुढे सुट्टीत आले की पाहायची. मला ट्रेनिंगला प्रवेश मिळाला. लग्न उशिरा झालं, एका कंपाउंडरशी, ज्यांनी मला पहिल्यांदा वॉर्डात बिनरंगाचीच पाहिली होती. रंग मी सोडला नाही. सणासुदीला स्वतःच घोटायची, काव एखादा कण कमी घालून. आई तुमच्याशी हळूहळू बोलायला लागली, पण औषधपाण्याबद्दल तुमच्या तोंडचं काही तिनं पुन्हा कधी खरं मानलं नाही.

एक राहिलंय, आणि ते सांगायलाच बहुतेक मी कागद घेतला. तुम्ही शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा की माझ्या पोरीनं मला वाट दाखवली, त्या वस्तीवरच्या पोरांसाठी तिनं मला खरं बोलायला लावलं. दवाखान्यातल्या खाटेवरही शेजारच्या पेशंटला तेच सांगत होता, आणि मी तुमची उशी सारखी करत ऐकत होते. आप्पा, तसं नव्हतं. त्या सकाळी माझ्या मनात ती पोरं नव्हतीच. शे-दीडशे माणसांसमोर तुमची मान खाली गेलेली मला बघायची होती. ती गेली, मी पाहिली, आणि मला बरं वाटलं. तुम्ही लोकांना उलटं सांगत राहिलात आणि मी एकदाही तुम्हाला थांबवलं नाही.