वाडग्यातलं मीठ

सौंदड,
२१ नोव्हेंबर २०२४

प्रिय देवेंद्र,
मोठ्या बहिणीचा आशीर्वाद.

तुझा फोन लागत नाही. तुझ्या ऑफिसातले साहेब म्हणाले, तुमच्या वाळवंटातल्या कॅम्पवर जीप जाते, तिच्याबरोबर पत्र देतो. निरोप देऊ का, असंही त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं.

हलकं धान कापून झालं, उशिरा येणारं भारी अजून उभं आहे. या आठवड्यात मी चूल पेटवलेली नाही. मंदाकाकू जेवण आणून देते.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत तू जैसलमेरची माती पिशवीत आणली होतीस. तिकडे खडक दिवसा तापतो, रात्री गार पडतो, फुटतो, त्याची रेती वारा नेतो, असं मला सांगत होतास. चुना, जिप्सम, मीठ मातीतच राहतं, धुऊन न्यायला पाऊस नाही. बाबा पाठ करून विळ्याला धार लावत होते. तसेच म्हणाले, "ज्या मातीत धान होत नाही, तिचं कायले शिकून राहिलास?"

तू सकाळच्या गाडीनं गेलास. पिशवी राहिली. नंतर तुम्ही दोघं बोलला नाहीत.

यंदा पाऊस संपल्यावर बाबांनी ती माती वाडग्यात ओतली. शेतात धानाच्या बांधीला करतात तसा बोटांनी काठ केला, धान पेरलं, पाणी तुंबवलं. मी म्हटलं, राजस्थानात बांधी घेतली का बाबा? ते हसले नाहीत. पोरगा तिथंच राहिला तर खाईल काय, म्हणाले.

रोप आलं, पिवळं पडलं. पाणी आटलं तसा वर पांढरा थर धरला. बाबांनी बोट लावून चाखलं.

"खारट हाय. देवेंद्रले विचार, मीठ वर काऊन येऊन राहिलं?"

तुम्हीच विचारा म्हणून मी फोन पुढे केला. त्यांनी हात धोतराला पुसला, पण फोन घेतला नाही. कापणी झाल्यावर, म्हणाले. मीच नंबर लावून त्यांच्या कानाला धरायला हवा होता.

सोमवारी सकाळी बांधीतच त्यांच्या छातीत कळ आली. घरी आणेपर्यंत बाबा गेले.

दुपारपर्यंत आम्ही तुला फोन लावत राहिलो. मग बिसरामकाका म्हणाले, आता न्यावं लागेल. आपल्या रीतीनं पुरताना सगळ्यांनी एकेक मूठ माती दिली. तुझ्या नावाची मूठ मी वाडग्यातली दिली. काकांनी पाहिलं, मग आपली मूठ टाकली.

त्यांच्या मिठाच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. तू आलास की आधी घरी येऊ नकोस. बाबांना पुरलंय तिथं जा, त्यांना सांग.

वाडगं मी धुतलेलं नाही.

तुझी,
धनवंता