तिसरी सीट

१८ फेब्रुवारी, दुपार

प्रिय भुंग्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तूही ठीकच असशील, कंबर सोडून, कारण तुझ्या पत्रांत हल्ली दुसरी बातमीच नसते.

तिसरी सीट परत आली. पोस्टमनही आता खोका ठेवताना हसतो. अरे, लोक जन्मभर मोटारसायकलच्या मूळ सीटवर बसतात आणि काही होत नाही त्यांना. तुझेच काय ते लाड.

पहिली तुला कडक वाटली. अंगठ्याने दाबून बघितली असशील, गिऱ्हाइकं बघतात तशी. सीट शिवणाऱ्याच्या पोटी जन्मलास ना रे तू? मऊ फोम दुकानात छान लागतो, तासाभरात दबतो, आणि पुढचा सगळा रस्ता हाडं खालच्या पत्र्यावर आपटतात. लांबच्या प्रवासाला कडकच हवा, मागे रुंद, मांड्यांपाशी निमुळता. हे बाबांनी आपल्याला पाढ्यांच्या आधी शिकवलं. तरी दुसरी मऊ केली. तर म्हणे पुढे घसरायला होतं. माझं डोकं फिरलं होतं, पण गप्प बसले.

गप्प बसले, कारण सीट जमली की गाडीवरून घरी येतो, असं तू लिहिलं होतंस. सहाशे किलोमीटर. सहा वर्षांत पहिल्यांदा. तेवढं एक वाक्य बाबांनी माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं.

आता तिसरीने म्हणे दोनशे किलोमीटरवर कंबर धरली. मी सीट उलटी करून बघितली. सीट गाडीला जिथे अडकते त्या कडीच्या खाचेवर मी पाठवताना कागदाची पट्टी चिकटवते, आत कचरा जाऊ नये म्हणून. ती फाटल्याशिवाय कडी अडकतच नाही. पट्टी अख्खी आहे, भुंग्या. म्हणजे सीट तुझ्या गाडीवर चढलीच नाही. तू खोका उघडलास, वरवर बघितलंस आणि परत बांधलास. यायचं नसेल तर सरळ तसं लिही. यायची भीती वाटत असेल तर तेही लिही, मी समजून घेईन. पण उगाच माझ्या कामाला नावं ठेवू नकोस.

माझ्या म्हणाले खरं, पण ते काम माझं नव्हतं. इतके दिवस सांगायचं टाळत होते, आता सांगते. तिसरी सीट बाबांनी केली. त्यांची नजर गेल्या वर्षापासून अधू होत चालली आहे. तुला कळवायचं नाही अशी मला तंबी होती. हल्ली दारातलं माणूस आवाजावरून ओळखतात. पण तुझी सीट मीच करणार म्हणून हट्टाला पेटले. आठ दिवस लावले. फोम चाचपून चाचपून कापला, मशीनवर कड बोटाने धरून शिलाई घातली. डावीकडे ती वाकडी गेली. मला दिसत होतं. उसवायचा धीर झाला नाही.

तुझं पत्र आलं ते नेहमीसारखं मोठ्याने वाचत गेले, पुढचं न बघता. ‘शिवाय शिलाई वाकडी आहे, ताई, तुझा हात बिघडला.’ वाचून बसले आणि मग कळलं काय वाचलं ते.

बाबांनी हात पुढे केला. म्हणाले, “बरोबर आहे त्याचं. आण इकडे, उसवतो.” सहा वर्षांपूर्वी ज्या माणसाने भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर तुझी शिलाई टराटरा उसवली आणि ज्याच्यावर रागावून तू घर सोडलंस, तोच माणूस मान खाली घालून स्वतःचे टाके काढत होता. चार टाके काढले आणि थांबले. “त्याला त्या दिवशी असंच वाटलं असेल का गं?” एवढंच विचारलं. मला रडू आवरेना. मी सीट त्यांच्या हातातून काढून घेतली.

चौथी सीट मी करणार नाही. मी कंटाळले आहे, तुम्हा दोघांनाही. नजर किती दिवस पुरेल हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. अगदी जवळ बसलास तर तुझा चेहरा अजून दिसेल त्यांना. गाडी राहू दे. बसने ये, रेल्वेने ये, कसाही ये.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. तू लिहिलेलं मला त्यांना वाचून दाखवावं लागतं.

तुझी,
वाट बघून दमलेली ताई