लिम अंकलची स्कॉट्समन

२ मार्च, रवि.
लिम अंकलकडे यिशुनला जाऊन आले. मी शिपयार्डात लागले तेव्हाचे माझे फोरमन. वेल्डवर नुसती नजर टाकून खोट कशी ओळखायची, ते त्यांनीच शिकवलं. आता एक्क्याऐंशी. आंटी गेल्यापासून एकटे. मे महिन्यात छोट्या फ्लॅटमध्ये जायचंय. सगळं सामान वाटून झालं, प्रश्न फक्त हॉलमधल्या इंजिनाचा.

फ्लाइंग स्कॉट्समन, इंग्लंडच्या त्या नामांकित इंजिनाची छोटी प्रतिकृती. हुबेहूब, हिरवीगार, खऱ्या कोळशावर आणि खऱ्या वाफेवर चालणारी. मागचा कोळसा-पाण्याचा टेंडर जोडला की माझ्या उंचीएवढी लांब. अंकल तरुणपणी इंग्लंडमध्ये शिकत होते तेव्हा खऱ्या स्कॉट्समनमागे बसून प्रवास केला होता. परत येऊन बावीस वर्षं स्वयंपाकघरात लेथ मांडून ही घडवली. आंटी बिचाऱ्या लेथच्या बाजूला भाजी चिरायच्या.

मुलगा एडविन मेलबर्नला. त्याने एका प्रदर्शनवाल्यांशी बोलणं केलंय. काचेच्या पेटीत ठेवतील. अट एकच: बॉयलरला भोक पाडून तो कायमचा निकामी करायचा, म्हणजे कोणी पेटवण्याची भीती नको.

अंकल म्हणाले, "त्याआधी एकदा वाफ धरायची. पंधरा वर्षं थंड आहे. तू टेस्ट कर."
हो म्हटलं. बॉयलर तपासणं हाच तर माझा धंदा.

९ मार्च, रवि.
फेल.
थंड पाणी भरून हातपंपाने दाब चढवला. काटा वर गेला, थांबला, मग हळूहळू उतरायला लागला. कोळसा जळतो त्या फायरबॉक्समध्ये टॉर्च घातली. आतला पत्रा आवळून धरणारे जे खिळ्यांसारखे स्टे असतात, त्यातल्या एकाच्या मुळाशी पाणी घामासारखं फुटत होतं.
"एक थेंब," अंकल म्हणाले, आणि इथल्या बोलीतला तो शेवटचा 'ला' लावून, "स्मॉल मॅटर ला."
"अंकल, यार्डात असा बॉयलर मी पास केला असता तर तुम्ही मला गेटबाहेर काढलं असतंत."
अंकल पंप आवरायला लागले. निघताना दारापर्यंतही आले नाहीत.
घरी चोआ चू कांगपर्यंत एमआरटी ट्रेनमध्ये उभीच. वाईट वाटलं. चुकले असं मात्र एकदाही वाटलं नाही.

१२ मार्च, बुध.
अंकल फोन उचलत नाहीत. एडविनचाच आला. सभ्य माणूस. "फेल झालाय ते एका परीनं बरंच. तुम्हीच भोक पाडून द्या ना. तसं पत्रही लागेल तुमच्या सहीचं."
म्हटलं, दुरुस्त होईल.
"पण कशासाठी?"
म्हटलं, इंजिन तुमच्या वडिलांचं आहे, ते सांगतील तसं.

१३ मार्च, गुरु.
बाबांना भुसावळला फोन. लोको शेडमध्ये बॉयलरमेकर होते, त्यांना सगळं सविस्तर सांगितलं. पहिला प्रश्न, "तांब्याचा आहे का? मग सोपं आहे." आणि मग, "एकटा स्टे कधी गळत नाही. शेजारचे बघ."
नंतर आपणहून बोलले. वाफेची इंजिनं बंद झाली तेव्हा कापायचं काम त्यांच्याच गँगकडे आलं. ज्या बॉयलरचे स्टे स्वतः बसवले, तेही गॅसकटरने कापले. "नोकरी होती, कापले. घरी येऊन जेवलो. तुझ्या आईशी दोन दिवस बोललो नाही फक्त."
हे मला कधीच माहीत नव्हतं. पन्नाशीला आले मी.

१६ मार्च, रवि.
न कळवताच यिशुनला गेले. दार उघडलं. हॉलमध्ये इंजिन सुटं झालेलं! चाकं एकीकडे, बॉयलर जेवायच्या टेबलावर, वरचं आवरण काढून तयार.
"लेट आलीस," एवढंच.
शेजारचे दोन स्टेही कच्चे निघाले. बाबा ग्रेट.
काम करता करता विचारलं, खऱ्या स्कॉट्समनचा बॉयलर बदललाय, इतकी वर्षं दुरुस्त्या करकरून किती भाग नवे घातले, मग मूळची राहिली किती? अंकल वैतागले. "ते वाद घालणाऱ्यांना विचार. मी फिटर आहे. तो पाना दे."

२९ मार्च, शनि.
यार्डातल्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये चांदीचं सोल्डर केलं. अख्खा बॉयलर लालसर तापवावा लागतो, नाहीतर सोल्डर धावत नाही. गॅसची टॉर्च माझ्या हातात. अंकल मागे उभे. त्यांचे हात हल्ली थरथरतात, हे आज पहिल्यांदा कबूल केलं. सोल्डर चमकून स्टेभोवती फिरलं तेव्हा दोघंही एकदम "हां!" म्हणालो.
गार झाल्यावर पुन्हा टेस्ट. अर्धा तास काटा हलला नाही.
पास. सही केली.

१४ एप्रिल, सोम.
जयंती. संध्याकाळी मंडळाच्या हॉलवर वंदना, मग खीर. नवऱ्याने, मिलिंदने, चारचौघांत जाहीर केलं की आमच्या बाईसाहेब रविवारी उबीन बेटावर रेल्वे चालवणार. दहा जणांनी यायचं म्हटलं. नको म्हटलं. अंकलना गर्दी चालत नाही.

२० एप्रिल, रवि.
पुलाउ उबीन, म्हणजे उबीन बेट. अंकलचे जुने मित्र हसन तिथल्या कांपुंग म्हणजे जुन्या गावठी घरात राहतात. अंगण मोठं, रीतसर परवानगी त्यांनीच काढून ठेवली होती.
बेटावर नेणाऱ्या छोट्या मोटरबोटीत, बंबोटीत, इंजिन चढवताना मिलिंद घामाघूम. रेवा म्हणाली, "सो हेवी ला, आई! एखादी कॅट पाळायची ना!" बोटवाला इंजिनाकडे बघतच राहिला. अंकल मात्र मजेत. खरी स्कॉट्समन अमेरिकेत अडकली होती तेव्हा तिलाही बोटीनेच घरी आणली, असं ते बोटवाल्यालाच सांगत बसले.
अंगणात गोल रूळ मांडले. कोळसा पेटला. काटा हलायला लागला तसे अंकल वाकून त्यावर नजर ठेवून राहिले. मग मागच्या बुटक्या ट्रॉलीवर बसून त्यांनी चाकांकडे वाफ सोडणारा रेग्युलेटर उघडला. एक उसासा, चाकं जागच्या जागी फिरली, आणि गेली!
चौथ्या फेरीला बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचनळीतलं पाणी खाली गेलेलं दिसलं. बॉयलरमध्ये पाणी भरणारा इंजेक्टर पाणी ओढेना, आणि बॉयलर कोरडा पडला तर फुटतो. अंकल झडप फिरवताहेत, हात थरथरताहेत. मी ओरडले, "थांबवा!" आणि टेंडरमधला हातपंप मारायला लागले. पाणी वर आलं. अंकल ट्रॉलीवरून उठले, मला म्हणाले, "बस."
मी चालवली. रेवाला मागे घेऊन. माझ्या मुलीने इंग्रजीत किंकाळ्या मारल्या, मी मराठीत.
अंकल फणसाखाली खुर्ची टाकून बसले होते. आंटीचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटले. नीट ऐकू आलं नाही, विचारलंही नाही.

२६ एप्रिल, शनि.
प्रदर्शनवाली मुलगी मापं घ्यायला आली. एडविन व्हिडिओवर. तिने फॉर्म काढला. बॉयलर निकामी केला का?
अंकल म्हणाले, "इन्स्पेक्टरला विचार."
म्हटलं, "नाही केला. करणारही नाही. उत्तम चालतो. हा दाखला."
तिने दाखला दोनदा वाचला. वाईट वाटल्यासारखी हसली. अशा अवस्थेत घेता येईल का ते साहेबांना विचारून बुधवारी कळवते म्हणाली. नाही म्हणतील बहुधा.
ती गेल्यावर एडविन म्हणाला, "मग डॅड, नवीन फ्लॅटमध्ये ठेवणार कुठे? बेड तरी मावतोय का?"
अंकल माझ्याकडे बघायला लागले. एडविनही.
परतताना मिलिंदला मेसेज टाकला: टीव्हीसमोरची भिंत किती लांब आहे, मोजून ठेव.
त्याचं उत्तर लगेच: का???
वुडलँड्स स्टेशन गेलं, क्रांजी गेलं. त्याला अजून उत्तर लिहिलेलं नाही.